मापवही

रेसिफे शहरात, समुद्राकडे पाठ करून बसलेल्या गल्लीत
माझं दुकान आहे. एक मशीन, एक पंखा,
आणि आजीपासून चालत आलेली मापांची वही.

पहिली पानं दोरालिसे आजीच्या हातची.
शाळा दुसरीपर्यंत, पण आकडे कसे ठसठशीत:
साखर कारखान्याच्या हेर्मेन्गार्दाबाई,
छाती एकशे चार, कंबर शहाण्णव, नितंब एकशे बावीस.
समासात बारीक अक्षरांत:
‘बाईंची खुर्ची सुताराकडे, रुंद करायला.’
त्या चर्चमध्ये शिरल्या की बाक करकरायचा
आणि माणसं म्हणायची, खात्यापित्या घरची.
म्हणायची टोपी काढून.

त्याच पानावर खाली
ऊसतोडीच्या झेफेरिनाची मुलगी. लग्नाचा झगा.
कंबर अठ्ठावन्न.
नितंबाच्या रकान्यात आकडाच नाही.
लिहिलंय: ‘कापूस, पाव किलो, दोन्हीकडे सारखा.’

म्हणजे उशा. झग्याच्या आत टाचलेल्या,
नवऱ्याच्या आईला वाटावं म्हणून
की या घरात रात्रीचीही चूल पेटते.
आजी हसत सांगायची, नाचताना एक उशी सुटली,
पोरीने रात्रभर कमरेवर हात ठेवून नाच केला,
आणि पुढच्या लग्नात
निम्म्या मुली कमरेवर हात ठेवून नाचल्या.

मधली पानं आईची. इलास्टिक, चेन, उधारी.

परवा हेर्मेन्गार्दाबाईंची पणती आली, लाविनिया.
कारखाना कधीच बंद पडला,
पण त्याच्या नावाची बत्तीस मजली इमारत आहे.
कंबर एकसष्ट. आजीने आधी सूप पाजलं असतं.
नितंब अठ्ठ्याण्णव.
‘डॉक्टरांनी पोटातून काढून मागे भरलं,’
ती म्हणाली, सोफा हलवल्याचं सांगावं तसं.
चरबी तिचीच. फक्त पत्ता बदललेला.
मी मान हलवली. मला कापूस आठवत होता.

पिशव्या धरून मागे मार्लुसे उभी होती,
पांढऱ्या गणवेशात. पोटावरची दोन बटणं
पिनांवर भागवलेली.
बस म्हटलं तर स्टुलाच्या कडेवर बसली.
सकाळी दोन बस, रात्री दोन बस,
थांब्यावर बिस्किटं आणि लाल सोडा,
भात पोटात पडतो अकराला.
‘बाईंकडे कोशिंबीर असते की,’ मी म्हटलं.
‘असते ना. मीच चिरते.’

कंबर एकशे बारा.
हातपाय मात्र काडीसारखे, झेफेरिनाच्या पोरीचे असतील तसे.
सगळं पोटावर येऊन बसलेलं,
जणू बाकी कुठे बसायला जागाच मिळाली नाही.
दवाखान्यातली मुलगी तिला म्हणाली होती,
जरा तोंडावर ताबा ठेवा.
तिला कुणी खात्यापित्या घरची म्हणत नाही.
साखर तीच आहे या शहरातली.
तेव्हा वरच्या मजल्यावर राहायची,
आता जिना उतरून खाली आली,
आणि वर राहणाऱ्यांना तिची ओळखही नको आहे.

रात्री मी आजीची टेप लोखंडी पट्टीला लावून पाहिली.
मेणकापड आहे, इतक्या वर्षांत ताणलं गेलंय.
शंभराच्या खुणेपर्यंत दीड सेंटिमीटर जास्त भरते.
म्हणजे परवाची मापं तरी खोटी.
दोघीही, मी लिहिलंय त्याहून
थोड्या जास्तच आहेत.
आजीच्या वेळी टेप कशी होती, कोण जाणे.

लाविनियाचा झगा शुक्रवारी द्यायचाय.
मार्लुसेने काही शिवायला टाकलं नव्हतं,
पण गणवेश मीच ठेवून घेतला, दुसरा आहे म्हणाली.
बटणं सरकवली, कुशीत पट्टी घातली,
आणि शिवणीत
दोन बोटं माया सोडली.